हशाच्या रेघा

आमच्या हौशी नाटकमंडळीत त्यांना सगळे पुस्तकमामा म्हणत. दिवसा ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी, संध्याकाळी विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग. नट अडला की वाक्य पुरवायचं, तेही असं, की पहिल्या रांगेला सुगावा लागू नये.

त्यांची एक सवय मला फार आवडे. दर प्रयोगाला ते संहितेच्या समासात, विनोदाशेजारी, तारीख घालून पेन्सिलीने एक रेघ ओढत. मोठा हशा, लांब रेघ. थोडी खसखस पिकली तर आखूड. कोणीच हसलं नाही तर नुसता ठिपका. पुढचं वाक्य किती थांबून घ्यायचं, हे नटांना त्यावरून कळे.

मंडळींनी जुनं प्रहसन पुन्हा काढायचं ठरवलं. दिग्दर्शन मामांच्या सुनेकडे आलं. पहिल्याच वाचनात ती म्हणाली, नोकर तोतरा बोलतो आणि मालक त्याची नक्कल करतो, ती वाक्यं काढू या.

"बाबा, हे आता चालायचं नाही."

"इतकी वर्षं चाललं ते? एक शब्द जरी काढलास, तर विंगेत दुसरा माणूस बघ."

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मालकाचं काम करणारे शेठ (हे नाव त्यांना त्या भूमिकेमुळेच पडलेलं) मामांशिवाय एक प्रवेशही निभावू शकत नसत.

सून वाद घालत बसली नाही. घरी जेवणं झाल्यावर तिने संहिता मामांपुढे उघडली.

"बाबा, या रेघा अशा आखूड का होत गेल्या?"

मामांनी चष्मा चढवला. नकलेशेजारच्या सुरुवातीच्या रेघा पार कागदाच्या कडेला टेकलेल्या. खाली येता येता त्या आक्रसत गेल्या होत्या. शेवटी तर ठिपकेच.

"नट कच्चा असेल."

"नट शेठकाकाच की! आणि त्यांच्या चिक्कूपणाचे विनोद बघा. तिथे रेघा जशाच्या तशा."

मामा पुन्हा पहिल्यापासून बघू लागले. एका तारखेपाशी त्यांचं बोट थांबलं. तिथे ना रेघ, ना ठिपका.

"विसरलात?" सुनेने विचारलं.

"नाही गं. आपला तिकीटखिडकीवाला त्या दिवशी मुलीला घेऊन पुढे बसला होता. बोलताना अडखळायचा बिचारा. लोक हसत होते आणि ती पोर बापाच्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्याकडेच बघत राहिलो."

दुसऱ्या दिवशी मामा तालमीला हजर. सुनेने लाल पेन पुढे केलं, तर म्हणाले, "खोडायचं नाही. हे लिहिलं होतं आणि आपण हसलो होतो, हे पुढच्यांना कळू दे." त्यांनी त्या ओळींवर पातळ कागदाची पट्टी फक्त एका कडेने चिकटवली. उचलली की खालचं वाचता येई.

शेठ कुरकुरले, "आता मी काय नुसत्या मिशा हलवू?"

प्रयोगात व्हायचं तेच झालं. नोकराचं वाक्य संपलं आणि शेठ थांबले. ओठांवर जुनीच नक्कल आलेली. त्यांनी विंगेकडे पाहिलं. मामांनी पुढचं वाक्य दिलं, तेही इतक्या मोठ्याने, की तीन रांगांना ऐकू गेलं आणि लोक खळखळून हसले.

दुसऱ्या अंकाचा पडदा पडताच शेठ विंगेत आले. "अरे गड्या, चाळीस वर्षांचं पाठांतर! गिळताना घशात अडकलं."

"मग पाणी पी," मामा पान उलटत म्हणाले. "तिसरा अंक सुरू होतोय."