प्रभारींची कमान

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात गुरुदत्त टिपणिसांना सगळे 'एअरपोर्ट' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते खूश होत. थट्टा कळायला स्वतःबद्दल थोडी तरी शंका असावी लागते. टिपणिसांनी ती कधी घरात येऊ दिली नव्हती.

विमानतळ म्हणावा असा तो प्रकार नव्हताच. अंबरनाथच्या 'सुहिणी डायकेम' या रंगांच्या कारखान्याचे मालक टेकचंद शेठ उल्हासनगरच्या कॅम्पात साड्या रंगवता रंगवता मोठे झाले होते. माणूस मोठा झाला की त्याला रस्ता पुरत नाही. गुजरातेत दुसरा कारखाना निघाला तसे शेठनी सहा माणसांचे विमान घेतले आणि शिरगाव ओलांडून वांगणीकडे जाताना लागणाऱ्या एका माळावर डांबरी धावपट्टी करून घेतली. पट्टीच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये वायरलेस, शेडवर वारा दाखवणारी कापडी पिशवी, आणि या सगळ्याची देखभाल करायला एक माणूस. हा माणूस तोवर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. त्याच्या कामावर स्टोअरकीपर इतके समाधानी होते, की त्याला दुसरीकडे पाठवायची पहिलीच संधी त्यांनी साधली. अशा रीतीने ऐंशीच्या सुमारास टिपणीस माळावर आले. हुद्दा: प्रभारी विमानतळ व्यवस्थापक.

त्यातला पहिला शब्द त्यांना खुपे. खरा व्यवस्थापक नेमला जाईपर्यंत खुर्ची ऊबदार ठेवणारा तो प्रभारी. आणि खरा व्यवस्थापक काही नेमला जात नव्हता, कारण आठवड्यातून दोनदा उतरणाऱ्या विमानासाठी व्यवस्थापक नेमावा असे टिपणीस सोडून जगात कुणालाच वाटत नव्हते. त्यांच्या आयुष्याची सगळी आकांक्षा अशी एका शब्दापुरती होती, आणि तोही मिळवायचा नव्हता, गाळायचा होता. याहून लहान आकांक्षा बाळगणारी माणसे असतात, पण ती त्यासाठी टोपी शिवून घेत नाहीत. टिपणिसांनी घेतली होती. वैमानिकाची वाटावी अशी पांढरी टोपी त्यांनी उल्हासनगरात बनवून घेतली आणि रविवारी ती घालून ते बदलापूरच्या बाजारात भाजीला जात.

"अहो, भेंडी काय उडून जाणार आहे का?" पद्मजाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, विचारत.

"पोझिशन असते, पद्मा."

"असते ना. पण प्रभारी आहे ती. कधी मागायला येतील सांगता येत नाही, जपून वापरा."

माळावरच्या कामाला टिपणीस 'ऑपरेशन्स' म्हणत. ऑपरेशन्स म्हणजे मुख्यतः म्हशी. विमान यायच्या आधी शिट्टी फुंकत आणि लाल झेंडा हलवत ते पट्टीभर धावत आणि म्हशी त्यांच्याकडे बघत उभ्या राहत. भातकापणी झाली की दुसरे संकट येई. आसपासच्या पाड्यांना इतके सपाट, कोरडे आणि फुकटचे खळे जन्मात मिळाले नव्हते. बायका पट्टीवर भात झोडत, वाळत घालत, आणि विमानाची घरघर ऐकू आली की शिव्या देत गोळा करत. टिपणिसांनी पाटी लावली: 'धावपट्टीवर भात घालण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, प्रभारी.' इंदुबाई नावाच्या एका बाईने त्या पाटीच्या खांबाला झोळी बांधली आणि तीत नातवंड निजवले.

"बाई, इथे विमान उतरतं!"

"उतरू दे की. आमचा भात काय आडवा येतोय त्याला? तो तर निजलाय."

असे कितीतरी दिवस गेले. मग शेठना इटालियन भेटले. इटलीतली एक मोठी कंपनी कारखान्यात पैसा घालणार होती आणि तिचे साहेब लोक जागा बघायला मुंबईहून भाड्याच्या मोठ्या विमानाने येणार होते. तशा विमानाला जुनी पट्टी पुरेना. शेठनी फर्मान काढले: पट्टी जवळजवळ दुप्पट करा, पॅसेंजर हॉल बांधा, आणि हे चालू असताना आपले नेहमीचे विमान बंद पडता कामा नये. टिपणिसांना बोलावून ते म्हणाले, "देखो साईं, टाइम पे काम हुआ और फंक्शन अच्छा हुआ, तो वो तुम्हारा प्रभारी-व्रभारी उसी दिन निकाल देंगे."

टिपणिसांनी त्याच संध्याकाळी पितळी पाटी घडवायला टाकली. 'गु. वि. टिपणीस, विमानतळ व्यवस्थापक.'

पुढचे वर्षभर त्यांनी विस्ताराची देखरेख केली. जुन्या अर्ध्यावर विमान उतरे आणि नव्या अर्ध्यावर रोलर फिरे. मधोमध खुर्ची टाकून टोपीवाले टिपणीस दोन्हीकडे हात करत. खडीचे ढीग त्यांनी इकडून तिकडे हलवायला लावले आणि परत तिकडून इकडे आणायला लावले. हॉलच्या संडासाचे दार पाहुण्यांच्या सोफ्यासमोर उघडते हे त्यांच्या ध्यानात रंग देऊन झाल्यावर आले, तेव्हा त्यांनी सोफा फिरवला. काम वेळेवर झाले ते एवढ्याचसाठी, की ठेकेदाराचा इंजिनियर त्यांना रोज सकाळी "येस सर" म्हणे आणि दिवसभर स्वतःच्या नकाशाप्रमाणे वागे. काम संपताच तो पुढच्या साइटवर निघून गेला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आता टिपणिसांना "येस सर" म्हणून न ऐकणारे माळावर कुणी उरले नव्हते.

उरली होती ती फक्त समारंभाची तयारी. त्यात टिपणिसांना एक जुना सल होता. मागे शेठच्या पन्नाशीला त्यांनी रस्त्याकडच्या फाटकावर झक्क कमान उभी केली होती. शेठ आले विमानाने. पट्टीवर उतरले, शेडच्या मागच्या दाराने आत शिरले, हार घालून घेतला, पेढा खाल्ला आणि विचारते झाले, "गेट नहीं बनाया? हमारे उल्हासनगर में तो मुंडन का भी गेट बनता है." कमान जिथे होती तिथून फक्त आचारी आले होते.

ही चूक पुन्हा होणार नव्हती. शिरगावच्या सदू मांडववाल्याला बोलावून टिपणिसांनी सांगितले, "कमान पाहुणे येतात तिथे लावायची."

"फाटकावं ना?"

"फाटकावर कोण येतं? तू येतोस. पाहुणे विमानाने येणार."

सदूने पट्टीकडे पाहिले, मग टिपणिसांकडे पाहिले. "साहेब, इमान जाईल खालनं?"

"पंख मोजून घेतलेत मी. मुंबईला फोन करून. दोन्ही बाजूंनी थोडी जास्तच जागा सोडायची."

"मंग माझं काय जातंय," सदू म्हणाला, आणि त्याचे खरेच काही जात नव्हते. तालुक्यात कुणी पाहिली नसेल इतकी रुंद कमान त्याने उभी केली. जागा टिपणिसांनी स्वतः खडूने आखून दिली: जुनी पट्टी संपून नवी सुरू होते त्या सांध्यावर, अगदी बरोबर मध्ये. त्यामागे विचार होता. विमान नव्या भागावर उतरेल, वेग कमी करील, आणि वरातीच्या गाडीसारखे संथ चालत कमानीखालून जुन्या भागावर येईल. तिथे पंचारती, लेझीम, तुतारी. पाण्याच्या टँकरला दोन्ही बाजूंनी बांबू बांधून त्याची रंगीत तालीमही झाली. टँकर कमानीखालून डौलात निघून गेला आणि टिपणिसांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्गशीर्षात तो दिवस उजाडला. कारखान्यातले अधिकारी सहकुटुंब आले. हेंद्रेपाड्यातले शेजारी 'एअरपोर्ट'ची फजिती होईल या आशेने आले. टिपणिसांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत पितळी पाटी. हॉलच्या दारावर खिळा आधीच ठोकलेला होता.

वायरलेस बोलला. शेठचे नेहमीचे वैमानिक कॅप्टन बेहराम होते, आज मोठ्या विमानात.

"सुहिणी ग्राउंड, रनवे क्लिअर?"

"क्लिअर, सर! म्हैस नहीं, भात नहीं, कुछ नहीं!"

मोठे विमान दिसले. लेझीमवाल्या मुलींनी ताल धरला. विमान खाली आले, आणखी खाली आले, आणि एकदम नाक वर करून डोंगराकडे निघून गेले.

"टिपणीस! बीच में क्या खडा है?"

"वेलकम, सर."

"क्या?"

"वेलकम. कमान है, सर. पंख बराबर बैठेगा, मैंने नाप लिया है."

मग कॅप्टन अगदी हळू आवाजात बोलले, आजाऱ्याशी बोलावे तसे. "अरे बाबा, मेरे को पूरा रनवे लगता है. नहीं तो लंबा काहे को किया?"

"आप के लिए ही, सर."

"निकाल उसको! मैं थोडा घूमता हूं."

टिपणीस धावत सुटले. "सदू! कमान उतरव! आत्ताच्या आत्ता!"

"कशानं उतरवू? शिड्या गेल्या बदलापुरास. लगीन हाय तिकडं."

"मग पाड!"

"पाडू?" सदूने कानाला हात लावला. "पाव्हणा खालनं गेल्याबिगर कमान पाडत नसतात, साहेब. वंगाळ असतं. तुम्ही हुकूम करा, तुमच्या नावावं पाडतो."

टँकर उभा होता, दोर होता, ओढले असते तर बांबूच ते, आले असते खाली. कुणीतरी तसे ओरडलेही. टिपणिसांनी वर पाहिले. वर विमान घिरट्या घालत होते आणि विमानात पाहुण्यांबरोबर शेठ होते. पाडली, तर शेठ उतरतील आणि विचारतील, गेट नहीं बनाया? मग पिशवीतली पाटी पिशवीतच राहील. ते परत वायरलेसपाशी गेले.

"सर, शेठजी को एक बार पूछ लो. निकालूं तो चलेगा ना? बाद में बोलेंगे गेट नहीं था."

कॅप्टननी शेठना विचारले की नाही ते कळले नाही. विमान वळले आणि मुंबईला परत गेले.

शेठ आणि इटालियन आले ते दुपार कलल्यावर, मोटारींनी, कल्याण आणि उल्हासनगर पार करून, धुळीने एकाच रंगाचे होऊन. ते रस्त्याकडच्या फाटकातून आत आले. तिथे अर्थातच कमान नव्हती. वाटेत अंबरनाथला नाल्यावर त्यांची गाडी अडकून पडली होती आणि नाला त्या दिवशी जांभळा वाहत होता. आदल्या दिवशी तो हिरवा होता हेही त्यांना तिथल्याच एका पानवाल्याने हौसेने सांगितले. विमानातून नाले दिसत नाहीत. शेठनी पट्टी लांबवली होती ती काही अंशी म्हणूनच. इटालियन साहेबांनी नवा सोफा, त्यामागचे दार आणि लांबवर उभी असलेली झेंडूची कमान पाहिली, चहा नको म्हणाले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

सगळे पांगल्यावर इंदुबाई कमानीखाली येऊन उभी राहिली. मान वर करून तिने ती नीट पाहून घेतली.

"आमचा भात बरा होता म्हणायचा," ती म्हणाली.

टिपणिसांना काढतील असे सर्वांना वाटले. पण शेठ हिशेबी होते. "इसको निकालो मत," ते म्हणाले. "इसको वहीं रखो. उसके गेट के नीचे." ज्याला परत स्टोअरमध्ये घ्यायला स्टोअरकीपर तयार नव्हते त्या माणसाला दुसरी जागा नव्हतीच. विमान विकले गेले. कमान तशीच राहिली, कारण ती उतरवायचा हुकूम द्यायला कुणी धजेना. सदूनेच पुढे शेठना सुचवले, की डांबरी जमीन आहे, हॉल आहे, गाड्या लावायला जागा आहे, कमान तर आहेच. लग्नसराईत बदलापुरात कार्यालय मिळत नाही. नव्वदच्या पुढेमागे माळावर 'सुहिणी लॉन्स' सुरू झाले, आणि टिपणिसांना नवे पत्र मिळाले. हुद्दा: व्यवस्थापक. प्रभारी नव्हे. या कामाला पुढे कधी कुणी दुसरा येईल, अशी कल्पनाही कुणाच्या मनात आली नाही.

त्यांनी पितळी पाटी बाहेर काढली आणि तीवरचा 'विमानतळ' घासून काढायला दिला.

"एकच शब्द काढायचा होता तुम्हाला," पद्मजाबाई म्हणाल्या. "दोन निघाले. झालं की मनासारखं."

आणि खरोखरच झाले होते. ते सुखी होते, हा त्यांच्याबद्दलचा सर्वात कडू तपशील आहे. टोपी तीच, शिट्टी तीच, लाल झेंडाही तोच. मुलाकडची गाडी फाटकातून आत वळली, की ते सांध्यावर उभे राहून ती कमानीखालून संथ आणत, टँकर आणला होता तशी. कापणीच्या दिवसांत मात्र पट्टीच्या त्या टोकाला भात पसरलेला असे.

"इंदुबाई, भात उचला! वरात लँड होतेय!"

"आधी तुमची कमान उचला," इंदुबाई म्हणे, आणि भात तिथेच वाळत राही.