एका माणसाचं यंत्र

गोविंदपुऱ्यातल्या चोरघड्यांच्या कारखान्यात दवाखान्याच्या खाटा, सलाईनचे स्टँड आणि चाकाच्या खुर्च्या बनतात. मंदाकिनी गर्दे तिथे ड्रॉइंग करायला लागली तेव्हा मालक नीळकंठराव होते. आता त्यांचा मुलगा अनिकेत सगळं बघतो. मंदाकिनी ग्वाल्हेरच्या गर्द्यांची धाकटी मुलगी. पॉलिटेक्निक झालं, भोपाळला नोकरी मिळाली म्हणून आली, आणि वडील गेल्यावर आईलाही इकडेच घेऊन आली. लग्नाचं एकदोनदा जुळत आलं आणि राहून गेलं. अयोध्या नगरात दोन खोल्या घेतल्या आणि त्यात मायलेकी राहू लागल्या.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. कूस बदलायची तर ती कुणीतरी दुसऱ्याने बदलवून द्यायची. दिवसा एक बाई ठेवली होती, पण ती संध्याकाळी जायची. पुढचं सगळं मंदाकिनीकडे. आई अंगाने भरलेली, आणि मंदाकिनी अशी, की साडीचा पदरही तिच्या खांद्यावर जड वाटावा. एका संध्याकाळी वळवताना आई पलंगाच्या काठाशी घसरली. मंदाकिनीने गुडघा अडकवून तिला कशीबशी धरून ठेवली. हाक मारावी असं मनात आलं, पण कुणाच्या नावाने मारावी ते सुचेना. शेजारचे भाडेकरू बदलत राहायचे. शेवटी आईनेच चांगल्या हाताने पलंगाची कड पकडली आणि दोघी तशाच, धापा टाकत, बराच वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. आई गेली तेव्हा तिच्या माकडहाडावरची, पडून पडून झालेली जखम भरलेली नव्हती.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने अनिकेतने तिला केबिनमध्ये बोलावलं. "मंदाताई, नुसत्या खाटांवर आता भागणार नाही. घरी वापरता येईल असं काहीतरी नवीन काढू. तुमच्या डोक्यात आहे काही?"

तिच्या डोक्यात तर केव्हापासून होतं. साध्या पलंगाच्या कडेला बसवायची एक चौकट, अंगाखालून जाणारे रुंद पट्टे आणि हाताने फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की माणूस सावकाश एका कुशीवर यावा.

अनिकेतला कल्पना एकदम पटली. चारच दिवसांत त्याने यंत्राला नावही ठेवलं, 'करवट', म्हणजे हिंदीत कूस. आणि मग विक्रेत्यांशी बोलून आला तो मागण्यांचं गाठोडंच घेऊन. मोटर हवी. रिमोट हवा. पेशंटला उठवून बसवताही आलं पाहिजे. जमलं तर वजनही दाखवावं.

"आणि हे सगळं झालं, की यंत्र चांगलं झालं म्हणायचं?" मंदाकिनीने विचारलं.

"चांगलं म्हणजे, पेशंटला आराम पडला पाहिजे. घरच्यांना सोयीचं झालं पाहिजे."

"आराम मोजणार कशाने, अनिकेत? सहा महिन्यांनी तू म्हणशील जमलं, मी म्हणेन नाही जमलं. दोघंही खरे. मोजता येईल असं काहीतरी आधी ठरवू या, मग पहिला पाइप कापू."

तो हसला, पण थांबला. ती त्याला त्याच्या लहानपणापासून ओळखत होती आणि ती उगाच अडून बसत नाही हे त्यालाही माहीत होतं.

आठवडाभर तिने त्यात डोकं घातलं. एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे यंत्र काय करणार ते, उजवीकडे काय करणार नाही ते. उजवी बाजू भराभर भरली. उठवून बसवणार नाही, वजन दाखवणार नाही, विजेवर चालणार नाही, दवाखान्यांसाठी नाही. डाव्या बाजूला एकच गोष्ट राहिली, कूस बदलणं. खाली कसोट्या लिहिल्या. साठीच्या पुढच्या माणसाला एकट्याने जमलं पाहिजे. एकदा दाखवल्यावर पुन्हा विचारावं लागता कामा नये. घरच्या साध्या पलंगाला बसलं पाहिजे. दीड महिना वापरल्यावर अंगावर नवी जखम नको. आणि शेवटची कसोटी तिने वेगळ्या ओळीवर लिहिली. त्या दीड महिन्यात कूस बदलायला दुसऱ्या माणसाला एकदाही बोलवावं लागू नये.

अनिकेतने वाचलं. "मोटर तरी ठेवू या ना, मंदाताई. लोक मोटरला पैसे देतात."

"वीज गेली की?"

"उजवी बाजू फार मोठी झालीय."

"तीच आपल्याला वाचवेल. एक काम नीट करू. बाकीचं मागायला कुणी आलं, तर ही रेघ दाखवायची."

शेवटी अनिकेतने सही केली. पावसाळा संपेपर्यंत पहिलं यंत्र तयार झालं.

चाचणीसाठी घर मिळालं टी. टी. नगरला. केशवराव धानोरकर सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. राज्याची राजधानी भोपाळला आली तेव्हा त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. मुलगा कॅनडात. बायको रजनीताई दोन वर्षं अंथरुणावर. बोलणं गेलेलं, पण नजर लख्ख. मंदाकिनीने चौकट बसवली, पट्टे सरकवले, आणि केशवरावांच्या हातात दांडा दिला.

"मी फिरवू? हिला लागणार तर नाही ना?"

"फिरवा, काका. मी आहे."

त्यांनी दांडा फिरवला. रजनीताई हळूहळू, झोपेत वळावं तशा, भिंतीकडच्या कुशीवर गेल्या. केशवरावांनी दांड्यावरचा हात काढला आणि ते त्या हाताकडे नुसतेच बघत राहिले. "इतकंच?" ते म्हणाले. "इतक्यासाठी रोज आम्ही..." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

तोवर हे काम शंकर करत असे. समोरच त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. सकाळी दुकान उघडण्याआधी आणि संध्याकाळी दिवे लागले की तो यायचा, "चलो अम्मा, करवट लेंगे," म्हणत रजनीताईंना अलगद वळवायचा. मध्ये एखादी हाक मारली तरी हातातलं काम ठेवून यायचा. मंदाकिनीला हे कळलं तेव्हा तिला बरंच वाटलं. म्हणजे फरक चटकन दिसेल. आता त्याला बोलवायचं नाही, एवढं तिने केशवरावांना बजावून सांगितलं.

दर शनिवारी ती जाऊन बघायची. पाठ स्वच्छ. जुनी लाली हळूहळू ओसरत चाललेली. दांडा हलका फिरतोय. "शंकरला बोलवावं लागलं का, काका?"

"नाही हो. एकदाही नाही."

ती समाधानाने नोंद करून निघायची. पहिल्या शनिवारी केशवरावांनी तिला कारखान्याबद्दल बरंच विचारलं. पुढच्या शनिवारी त्याहून जास्त. चौथ्या-पाचव्या खेपेला ती निघायला उठली की ते काहीतरी नवं काढू लागले. कुरकुरणारा एखादा स्क्रू, पट्ट्याची शिवण, चौकटीचा रंग. एकदा तिने स्क्रू तपासला, त्यात काही नव्हतं.

शेवटच्या शनिवारी ती संध्याकाळी गेली. पट्टे बघत असताना रजनीताईंची नजर तिच्यावरून सरकून दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

"काय हवंय त्यांना?"

"काही नाही. ही शंकरची वेळ," केशवराव म्हणाले. "यायचा, हिला वळवायचा आणि मग बसायचा. चहा घ्यायचा. मॅच कुणी जिंकली, बाजारात काय झालं, कुणाचा मिक्सर कसा जळला, सगळं हिला सांगायचा. हिला म्हणजे मलाच. आता दीड महिना झाला, तो आला नाही."

मंदाकिनीने पट्टा खाली ठेवला. "मग बोलवा ना त्याला, काका. बोलवायचं नाही असं मी म्हणाले ते फक्त या कामासाठी."

"कामाला बोलावणं सोपं असतं, ताई. खिडकीतून हाक मारली की झालं. नुसतं ये म्हणायचं, तर काय म्हणून म्हणायचं? त्याचा धंदा आहे, पोरं-बाळं आहेत." मग तिला वाईट वाटेल असं वाटून ते घाईने म्हणाले, "यंत्र उत्तम आहे तुमचं. तसं लिहा बरं का."

ती खाली उतरली ती सरळ समोरच्या दुकानात गेली. शंकर एक पंखा उघडून बसला होता. तिने ओळख सांगितली.

"बहुत बढ़िया मशीन है, मैडम," तो म्हणाला. "चाचाजी का बोझ उतर गया."

"वे तुम्हें याद करते हैं. जाते क्यों नहीं?"

तो ओशाळला. "बिना काम के कैसे जाऊँ? पहले तो अम्मा के लिए जाता था. अब जाकर बैठूँगा तो उन्हें लगेगा, चाय पीने आ गया."

"नहीं लगेगा. आज जाओ."

तो गेला. नंतर केशवरावांनीच फोनवर सांगितलं. आला, पलंगाशी उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. केशवरावांनी चहा टाकला. मॅचबद्दल दोन वाक्यं झाली. रजनीताई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. दोन-तीन दिवसांनी आणखी एकदा आला. मग दुकानात गर्दी वाढली म्हणे, आणि येणं थांबलं. कुणाचं काही बिनसलं नव्हतं.

मंदाकिनीने अहवाल लिहिला. सगळ्या कसोट्या पार. खाली तिने एक परिच्छेद जोडला, की यंत्र आल्यावर घरी येणारं माणूस येईनासं होतं, याचाही विचार व्हावा.

अनिकेतने तो दोनदा वाचला. त्याने हसण्यावारी नेलं नाही. "खरं आहे, मंदाताई. पण आपण करायचं काय? चौकटीला काय जोडायचं?"

तिने अहवालाचा तो कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला.

"हे उजव्या बाजूचं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "रेघ तुम्हीच मारलीत. आणि तुमच्या आईच्या वेळी हे असतं तर तुम्ही नको म्हटलं असतंत का?"

"नाही," ती म्हणाली. "मी रात्रीची नीट झोपले असते."

तो परिच्छेद तिने स्वतःच काढला. त्या दिवशी घरी जाऊन कुलूप उघडताना तिला जाणवलं, की शेवटची कसोटी लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच घर होतं, आणि त्या घराच्या दारावर तशीही कुणाची टकटक नव्हती. एकटेपण आधीच असतं, यंत्राने फक्त त्यात हात द्यायचा, असं ती धरून चालली होती. दुसऱ्याच्या घरी थोडी सोबत असेल आणि ती कष्टाच्या आधाराने टिकून असेल, हे तिला सुचलंच नव्हतं. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. नवे भाडेकरू कोण आले आहेत, तिला माहीत नव्हतं.

यंत्र चाललं. इंदूरहून मागणी आली, मग जबलपूरहून. कारखान्यात त्याच्या जोडणीसाठी वेगळी जागा झाली. विक्रेत्यांनी मोटर मागितली की अनिकेत आता स्वतःच त्यांना ती रेघ समजावून सांगू लागला. मंदाकिनी मधूनमधून टी. टी. नगरला जाई, पाना पिशवीत टाकून. तपासण्यासारखं काही नसायचं. ती एखादा नट घट्ट करी, केशवराव बाजूला उभे राहून गंभीरपणे बघत. रजनीताईंचा चेहरा ती आली की जरा तिच्याकडे वळायचा, पण संध्याकाळ झाली की दाराकडेच जायचा.

थंडीत रजनीताई गेल्या. दहा-बारा दिवसांनी केशवरावांचा फोन आला, चौकट घेऊन जा म्हणून. मंदाकिनी कारखान्याचा टेम्पो घेऊन स्वतः गेली. चौकट त्यांनी पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती. पट्टे धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेले. मुलगा येऊन परत गेला होता. पलंगावर आता साधी चादर होती.

"एकही जखम नव्हती," केशवराव म्हणाले. "आंघोळ घालताना बायका म्हणाल्या, पाठ कशी स्वच्छ आहे बघा. शंकर होता तेव्हा. त्यानेही ऐकलं."

मंदाकिनीला बरं वाटलं होतं आणि ते बरं वाटणं कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

"आता हे कुणाकडे जाणार?"

"कोलार रोडला एक बाई आहेत. त्यांचे यजमान पडून असतात. घरात दोघंच."

"मग त्यांना एक सांगा," केशवराव म्हणाले आणि घडी घातलेला पट्टा उचलून तिला दाखवू लागले. "पाठीकडचा पट्टा आधी ढिला करायचा, मग पायाकडचा. उलट केलं की माणूस दचकतो. तुमच्या कागदात ते नाही."

"सांगते, काका."

टेम्पोवाल्याने चौकट खाली नेली. मंदाकिनी पाना पिशवीत ठेवून थोडी रेंगाळली. पुन्हा येईन म्हणावं असं ओठावर आलं होतं. पण ते म्हणाले असते, कशासाठी, आणि त्यांनी ते खरंच जाणून घ्यायला विचारलं असतं. ती "येते" एवढंच म्हणाली. ते "बरं" म्हणाले आणि पलंगाच्या पायथ्याशी बसले, बायकोची जागा मोकळी सोडून.

जिन्यात तिला शंकर भेटला. हातात पिशवी होती, कुणाच्या तरी घरचा दुरुस्त झालेला मिक्सर द्यायला निघाला होता. दोघं क्षणभर थांबली, एकमेकांना वाट दिली. मग तो केशवरावांच्या दारावरून पुढे वरच्या मजल्यावर गेला आणि ती खाली टेम्पोकडे.