सात सेकंदांचा फोन

कल्पना करा, रुग्णवाहिकेच्या मदत-केंद्रात बसला आहात आणि कुणीतरी येऊन म्हणतं, "गेल्या महिन्यातला आमचा फोन ऐकवा." दिवसाला बारा हजार फोन येतात, प्रत्येकाचं रेकॉर्डिंग होतं आणि फाइलींना नावं नसतात, नुसते आकडे असतात. शोधता शोधता नाकी नऊ येतील तुमच्या.

काकांच्या येत नाहीत. रेकॉर्डिंगच्या खोलीत अकरा वर्षं काढली त्यांनी. आवाजाच्या फाइली एकीकडे ठेवल्या आणि नंबर, तारीख, वेळ, कोणी उचलला यांची यादी वेगळी केली. आधी यादीत बघायचं, मग थेट फाइल उघडायची. अर्ध्या मिनिटात फोन हजर.

"काका, माझा चष्मा पण शोधा ना," ऑपरेटर मुली चिडवायच्या.

"नंबर सांग. चष्म्याचाच सांगितलास तरी चालेल."

जागा पुरेना झाली तेव्हा काकांनीच उपाय सुचवला: आठ सेकंदांपेक्षा लहान फोन सात दिवसांनी आपोआप पुसायचे. त्याआधी त्यांनी असे दोनशे फोन ऐकले होते. खिशात दाबले गेलेले, चुकून लागलेले. एकातही कुणी बोललं नव्हतं. साहेबांनी पाठ थोपटली.

परवा शिवणकाम करणारी एक बाई आली. ती कपडे पोचवायला गेली असताना घरात एकटा असलेला तिचा नवरा वारला. त्याच्या मोबाईलवर शेवटचा नंबर केंद्राचा होता. या गोष्टीला वीस दिवस झाले होते.

काकांनी यादी उघडली. नोंद होती, सात सेकंद. फाइल नव्हती.

"ताई, एवढ्याशा फोनवर कुणी बोलत नाही हो," काका म्हणाले.

बाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "छातीत दुखतंय, लवकर या," ती सावकाश म्हणाली. "मोजलंत? तीन सेकंद झाले. तो बोलला आणि कुणी आलं नाही, की त्याला बोलताच आलं नाही? मला एवढंच कळू द्या, दादा."

काका तिला दारापर्यंत सोडून परत आले आणि अजून न पुसलेले लहान फोन लावून बसले. साडेतीनशे ऐकले. दोनदा माणसाचा आवाज आला. एकात बाई घाईघाईने गल्लीचं नाव सांगत होती, तेवढ्यात फोन तुटला. त्यांनी नियम बंद केला. पुसलेलं परत येणार नव्हतं.

यादीत बाईच्या नवऱ्याचा फोन घेणाऱ्या ऑपरेटरचा क्रमांक होता. काका तिच्या टेबलाशी गेले, तारीख आणि वेळ सांगितली.

"काका, दिवसाला दीडशे घेते मी."

"सात सेकंदांचा होता. दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतरचा."

"कसं आठवणार हो?"

तिच्या कानातला फोन वाजू लागला. काका तिथेच उभे राहिले.

"आठव ना पोरी. काही बोलला होता का तो?"