घरच्याच सणाचं आमंत्रण

रादिवोये सरांनी सर्बियातल्या वाल्येवो गावच्या शाळेत उभी हयात तत्त्वज्ञान शिकवलं. त्यांचं लाडकं मत असं, की जुन्या ग्रीकांची सुसंवादाची कल्पना मठांमधून सर्बांच्या डोक्यात शिरली आणि घराघरांत स्लावा नावाचा सण होऊन बसली. "विरुद्ध बाजूंनी ओढलेल्या तारेतूनच सूर निघतो. ओढण्यात आपण पटाईत आहोतच, सूर तेवढा ग्रीकांकडून घ्या!" पोरं माघारी त्यांना 'तंबोरा' म्हणत.

घरातली ओढाताण मात्र बेसूर होती. थोरल्या मुलाने, ओग्न्येनने, लहानपणी लावलेला अक्रोड धाकट्या स्त्राहिन्याने गॅरेजसाठी तोडला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सरांची सगळी भिस्त स्लावावर. घरच्या संताचा हा सण. पाद्री आणि घरचे सगळे मिळून सणाचा गोल पाव हातांवर धरून फिरवतात. त्या पावाला दोघा भावांचे हात लागले की झालं!

पण धीर धरवेना. आदल्या संध्याकाळी सरांनी ओग्न्येनला फोन लावला. "उद्या नक्की ये. आग्रहाचं आमंत्रण समज."

"आमंत्रण?" ओग्न्येनचा आवाज बदलला. "बाबा, स्लावाला पाहुण्यांनासुद्धा कुणी बोलवत नाही, ते आपणहून येतात. आणि घरच्या मुलाला आमंत्रण? कळलं मला."

फोन बंद.

"काय करून बसलास रे हे!" सरांच्या बायकोने, देसांकाने, ओव्हनमधला घेवडा तसाच सोडला. "आईबापाच्या घरी पोराला बोलावणं धाडतात?"

"अगं, मी फक्त ताण कमी करायला..."

"तुझ्या ग्रीकांत स्लावा नव्हता, सुटले बिचारे."

पुन्हा फोन केला, तो उचलेना. जाऊन आणावं, तर ते दुसरं आमंत्रण. गप्प बसावं, तर पहिलंच खरं ठरणार, पोरगा परका. सर कोट घालून दारापर्यंत गेले आणि कोट काढून बसले.

दुसऱ्या दिवशी पाद्री घाईतच आला. पावाभोवती तो, सर, देसांका आणि स्त्राहिन्या. सरांनी शेजारी एका माणसाची जागा सोडलेली.

"सरका की, प्रोफेसर, पाव कलंडतोय."

"थोडं थांबू या ना."

"अजून किती घरं बाकी आहेत माझी!"

तेवढ्यात कार्प माशावर ताव मारत बसलेला शेजारचा मिलुन बोटं पुसत उठला. "मी आहे ना! हातच हवाय ना एक?" आणि रिकाम्या जागेत शिरून त्याने पाव धरला.

सरांनी तोंड उघडलं. पण स्लावाच्या दिवशी पाहुण्याला नको म्हणता येत नाही. पाद्रीने स्तोत्र धरलं, आणि पाव अगदी समतोल फिरू लागला.