मामेबहिणीच्या जागी

मला मामाच्या घरी पाठवलं तेव्हा मी तिसरी पास झाले होते आणि माझी मामेबहीण जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिला मी धड पाहिलेलंही नव्हतं. मामी आमच्या गावाकडे फारशी यायची नाही, आणि आली तरी मुलीला माहेरी ठेवून यायची. आमचं गाव बेल्याजवळचं, पैनगंगेच्या अलीकडचं. पलीकडे महाराष्ट्र, आमच्या बाजूला तेव्हाचा आंध्र. मामा आदिलाबादेत सरकारी नोकरीत गिरदावर होता, म्हणजे गावोगाव फिरून जमिनी-पिकांची तपासणी करणारा. त्याचं घर पक्क्या भिंतींचं होतं आणि पुढे लोखंडी फाटक होतं.

ठरलं कसं, हे मला कुणी सांगितलं नाही. मामा एका सकाळी आला, ओसरीवर बसून आईशी हळू आवाजात बोलला. बाबा शेतातून आले, त्यांनी मान हलवली. मग आईने माझी वेणी घालून दिली आणि म्हणाली, "शिकशीन, मोठी होशीन. इथं काय हाय, पऱ्हाटी अन् तुराटी." म्हणजे कापसाची झाडं आणि तुरीच्या काटक्या. मी रडले नाही. मला वाटलं, सुट्टीपुरतं जायचं आहे.

मामाच्या घरी पहिल्या दिवशी मामीने कपाट उघडलं. आत फ्रॉक होते, एकाखाली एक घडी घातलेले. डांबरगोळ्यांचा वास आला. निळा, अबोली, पांढऱ्यावर बारीक फुलांचा. एवढे कपडे एका मुलीचे असतात हे मला माहीत नव्हतं. मामीने निळा काढून माझ्या अंगाला लावून पाहिला, कमरेत थोडा सैल होता. "टीप घालू," ती म्हणाली. फ्रॉक कोरे करकरीत होते, घडीच्या रेघाही गेल्या नव्हत्या. शहरातल्या मुली कपडे किती जपून वापरतात, असं मला वाटलं.

बैठकीच्या भिंतीवर तिचा फोटो होता. लाकडी खुर्चीवर बसलेली, गुडघे जुळवलेले, दोन्ही हात मांडीवर, मान किंचित कललेली. केस चोपून बसवलेले. डोळे मोठे आणि विलक्षण चमकणारे. मामी म्हणाली, "बघ कशी बसली आहे. मुलीने असं बसावं."

मग माझं शिकणं सुरू झालं. शाळा वेगळी, पण खरी शाळा घरात होती. "आमी नाही, आम्ही. काऊन नाही, का. खाऊन राह्यली नाही, खाते आहे." मामी कधी ओरडायची नाही. ती फक्त थांबायची. मी चुकीचा शब्द बोलले की तिचा हात जिथे असेल तिथे थांबायचा, पोळी तव्यावर असली तरी. मी शब्द दुरुस्त करेपर्यंत घरात दुसरं काही हलायचं नाही. पोळी करपू नये म्हणून मी भराभर शिकले.

तोंड मिटून जेवायचं. दार वाजलं की आपण उघडायचं नाही. पाहुणे आले की पाण्याचा ट्रे घेऊन जायचं, पण तिथे उभं राहायचं नाही. हसू आलं तर ओठ मिटून हसायचं. भांडी घासायला येणारी बाई माझ्या आईसारखंच बोलायची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "कोन्या गावची वं माय तू?" मी धावत जाऊन तिच्याजवळ बसले आणि गावाचं सगळं सांगू लागले. आमची गाय, आमचा नाला, माझ्या मैत्रिणी. मामीने आतून हाक मारली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ती कामाला येते. तिला चहा द्यायचा, तिच्याशी गप्पा मारायच्या नाहीत." त्या बाईचा कप मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. पुढे मीच तो भरून द्यायला लागले. तिनेही मला पुन्हा गावाचं विचारलं नाही.

शेजारी एक तेलुगू कुटुंब राहायचं. त्या घरच्या बाई मला एकदा फाटकाशी भेटल्या. मी अबोली फ्रॉक घातला होता. माझ्याकडे बराच वेळ बघून त्या त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "ती असं नव्हती. ती वेगळी होती." मागून मामी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला आत घेऊन गेली. मला वाटलं, मी कमी पडले. ती माझ्यापेक्षा सरस होती.

त्या दिवसापासून मी फोटोला घाबरू लागले. घाबरू लागले म्हणजे काय, ते नीट सांगता येत नाही. मी अभ्यासाला बसले की खुर्चीच्या एका कडेला बसायचे, अर्धी जागा तिच्यासाठी सोडून. चुकीचा शब्द गेला, हातून दूध सांडलं, की मामीच्या आधी तिची माफी मागायचे, मनातल्या मनात. आरशासमोर वेणी घालताना वाटायचं की आरशातली आधी हलते आणि मी तिच्यामागून. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मामी कधी कधी बैठकीत एकटीच बसलेली असायची. एकदा मी पडद्याआड उभी होते. मामी फोटोकडे बघून अगदी साध्या आवाजात, जसं शेजारणीशी बोलावं तसं, म्हणाली, "बघ, ही पण आता तुझ्यासारखी बसायला लागली."

मला आनंद झाला. तो आनंद आजही आठवतो आणि नकोसा वाटतो.

सुट्टीत मी गावाला जायचे, पण दर वेळी तिथे थोडी कमी पोहोचायचे. आई मला शेतात येऊ द्यायची नाही. "तुले बोंडं टोचतीन," म्हणायची. मैत्रिणी कापूस वेचून, ओट्या भरून परतायच्या, त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या. मी ओसरीवर पुस्तक धरून. माझ्यासाठी आईने एक स्टीलची ताटली वेगळी काढून ठेवली होती, तीत दुसरं कुणी जेवायचं नाही.

आई एकदा आदिलाबादला आली होती, मी सहावीत असताना. मामीने म्हटलं, "वन्सं, वर बसा ना," पण आई खुर्चीवर बसली नाही. "राहू द्या, मले खालीच बरं वाटते," म्हणत भिंतीला टेकून बसली. मी ट्रे घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी कप घेतला, जसा कुणा परक्या घरी घ्यावा. "ठेव बाई," म्हणाली. मामीच्या शिस्तीप्रमाणे मला तिथे उभं राहायचं नव्हतं. मी आत गेले. स्वयंपाकघरात रिकामा ट्रे हातात धरून उभी होते आणि बाहेर आई एकटीच फुंकर मारमारून चहा पीत होती, ते ऐकू येत होतं.

दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मामाने मला स्कूटरवर गावाला सोडायचं ठरवलं. मामा घरात फार बोलायचा नाही. पण एक गोष्ट मी केव्हाचीच हेरली होती: फाटकाच्या बाहेर पडला की त्याची भाषा बदलायची. शेतकऱ्यांशी, आपल्या जुन्या मित्रांशी तो आमच्या गावासारखंच बोलायचा. फाटकाच्या आत आला की पुन्हा मामीसारखं. तोही तिकडच्याच खेड्यातला, आईचाच भाऊ. त्यालाही कुणीतरी कधीतरी असंच घडवलं असणार, हे मला फार उशिरा सुचलं.

ऊन चढलं होतं. रस्त्यालगतच्या विहिरीवर आम्ही पाण्याला थांबलो. मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "मामा, ती फार शहाणी होती का हो?"

"कोन?"

मी तिचं नाव घेतलं. त्या घरात इतकी वर्षं राहून ते मी पहिल्यांदा मोठ्याने घेतलं होतं.

मामाने तोंडावर पाणी मारलं, रुमालाने बराच वेळ पुसत राहिला. मग हसला. "शहानी? तिले घरात ठेवनं म्हंजे... दिवसभर पोरायसंगं गोट्या खेळे. चिंचेवर चढून बसे, खाली उतरायचं नाव नाही. गल्लीतल्या पोरायच्या तेलुगू शिव्या सगळ्या पाठ. बोलायची तर थेट तुह्या आईवानी. तुही मामी मारे, समजावे, कायी उपेग नाही. फ्राक तं एकही अंगाले लावू दिला नाही तिनं."

मी म्हटलं, "पण फोटोत..."

मामा विहिरीच्या कठड्यावर बसला. त्याने मान खाली घातली आणि थांबत थांबत सांगितलं. मामीच्या माहेरचे लोक आले होते, त्यांच्याकडे कॅमेरा होता. त्या दिवशी पोरीने पहिल्यांदा निमूटपणे फ्रॉक घालून घेतला. केस विंचरू दिले. खुर्चीवर बसवलं तशी बसली. सगळे म्हणाले, पोरगी शेवटी वळणावर आली. मामी इतकी खूश होती की तिने पाहुण्यांसाठी पुरणाचा घाट घातला.

"अन् पोरगी तापानं फणफणून राह्यली होती," मामा म्हणाला. "कोनाच्या लक्षातच नाही आलं. संध्याकाळी हात लावून पाह्यला तं निस्ता विस्तव. दवाखान्यात नेली. डोक्यात ताप गेला म्हने डाक्टर. वापस नाही आली."

विहिरीत कबुतरं घुमत होती. मामाने स्कूटरला किक मारली, ती चालू झाली नाही, पुन्हा मारली. त्याने पुढे एवढंच म्हटलं, "मामीले सांगू नोको, मी बोललो म्हनून. ते त्याच एका फोटोवर जगून राह्यली."

मी मागच्या सीटवर बसले, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून. अर्ध्या वाटेत ते माझ्या लक्षात आलं आणि हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. एवढी वर्षं मी ज्या मुलीसारखी व्हायला बघत होते, ती मुलगी नव्हतीच. ती एका दिवसापुरती होती, तापाने गळून गेलेली, उठायचं बळ नव्हतं म्हणून शांत बसलेली. आणि जी खरी होती, चिंचेवर चढणारी, ती कदाचित गावातल्या माझ्यासारखी होती. म्हणजे मामीने माझ्यातून जे एकेक करून काढून टाकलं, ते तिचंच होतं.

त्या सुट्टीत मी हट्टाने आईसारखं बोलायचा प्रयत्न केला. "आमी येतो शेतात," म्हटलं. शब्द बरोबर होते, पण सूर जमत नव्हता. परक्या बाईने आमच्या बोलीत बोलून दाखवावं तसं ते लागत होतं. आई ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "काऊन आमची नक्कल करून राह्यली?" ती म्हणाली. रागाने नाही, दुखावून. मी पुन्हा तसं बोलले नाही.

मामीला मी काही विचारलं नाही. सुट्टी संपवून परत गेले तेव्हा तिने मला कॉलेजसाठी नवं कापड घेऊन ठेवलं होतं. ती माझ्याशी वाईट कधीच वागली नाही, हे सांगितलं पाहिजे. माझ्या आजारपणात ती उशाशी बसून राहायची, दर थोड्या वेळाने कपाळावर हात ठेवायची. मला साधी सर्दी झाली तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. पूर्वी मला ते प्रेम वाटायचं. त्या उन्हाळ्यानंतर तो हात कपाळावर आला की मी डोळे मिटून घ्यायचे, कारण ती कुणाचं कपाळ चाचपडते आहे, ते मला ठाऊक झालं होतं.

नव्वदीच्या दशकात मी शिक्षिका झाले. उटनूरला मुलींच्या निवासी शाळेत नोकरी लागली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. तिथे लोक मला 'चांगल्या घरची' म्हणायचे. माझं बोलणं, चालणं, पाहुण्यांपुढे पाणी ठेवणं पाहून माझं लग्नही चटकन जमलं. सासरच्यांनी मामीचं कौतुक केलं. मामी लाजली, पदराने डोळे टिपले.

बाबा गेल्यानंतर आई काही दिवस माझ्याकडे राहायला आली. शाळेला सुट्टी होती. मागच्या अंगणात आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. आई मध्येच म्हणाली, "मी एकडाव आली होती, तुले वापस न्याले."

मी विचारलं, "कधी?"

"तू गेली त्याच साली. दिवाळीच्या आंधी. तुया बापाले न सांगता आदिलाबादच्या बशीत बसली. घरी तं करमेच नाही मले." ती शेंग सोलत राहिली. "फाटकापाशी आली. आतून आवाज आला वाचायचा. मी म्हटलं मामीकडे कोन आली असन पोरगी, किती साजरं बोलते. तशीच उभी राह्यली आयकत. खिडकीतून पाह्यलं तं तू होती."

"मग आत का नाही आलीस?"

आईने दाण्यांतला एक किडका दाणा निवडून बाजूला टाकला. "आवाज वळखला नाही मी तुहा," ती म्हणाली. "मंग कोन्या तोंडानं आत येऊ? आपलं लेकरू आवाजावरून वळखू आलं नाही, मंग ते आपलं कसं म्हनू? वापस आली. बशीत जागा नव्हती, उभ्यानंच आली."

मला जे सुचत होतं ते मामीच्या भाषेत सुचत होतं, आणि त्या भाषेत मला आईशी या गोष्टीवर बोलायचं नव्हतं. आईने आणखी मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात सरकवल्या. आम्ही ऊन अंगणातून जाईपर्यंत सोलत बसलो.