टाचणीमावशींनी म्हातारा केलेला कोट

पडदा वर गेला असं समजा. डावीकडे इस्त्रीचं टेबल, उजवीकडे शिलाई मशीन, मागच्या भिंतीवर खिळ्यांना लटकलेले एक राजा, दोन पोलीस आणि तीन भिकारी. म्हणजे त्यांचे कपडे. मधोमध स्टुलावर टाचणीमावशी. आमच्या नाटक मंडळीचा कपडेपट त्या एकहाती सांभाळत. ओठांत कायम चार टाचण्या, त्यामुळे बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून. पण काय बोलायच्या!

मावशींना वेड एकच, काऊबॉयच्या सिनेमांचं. गावात वेस्टर्न लागला की तो त्या तीनदा बघत. पहिल्यांदा कोट, दुसऱ्यांदा टोप्या आणि बूट, आणि गोष्ट तिसऱ्या खेळाला. मी एकदा विचारलं, "मावशी, शेवटी कोण मरतं?" तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक? अजून दोनदाच बघितलाय."

सिनेमा बघण्यासारखा आहे की नाही, हे त्यांना पाच मिनिटांत कळे. "तीन दिवस घोड्यावरून आलाय म्हणे, आणि कॉलर बघ, सासुरवाडीला निघाल्यासारखी!" झालं, सिनेमा बाद. "गोळ्या काय, कुणीही झाडेल. घाम दिसला पाहिजे."

काऊबॉयच्या मालिकांवर तर विशेष जीव. दर रविवारी शेजारणीच्या टीव्हीसमोर ठाण मांडून बसत. "सिनेमातला कोट दोन तासांत संपतो रे. चांगल्या मालिकेत तो माणसाबरोबर म्हातारा होतो. या भागात बटण तुटलं, तर पुढच्या भागात तिथे भलत्याच रंगाचं बटण हवं. ते दिसलं की समजायचं, करणारी माणसं इमानदार आहेत." आम्ही सगळे नट त्यांच्या शब्दावर डोळे मिटून तिकीट काढायचो. मावशींनी पास केलेला वेस्टर्न कधीच पडेल निघाला नाही.

त्या वर्षीच्या नव्या नाटकात मी बारा वर्षं रानोमाळ गुरं हाकून घरी परतणारा घोडेस्वार होतो. दिग्दर्शकांनी फर्मान काढलं, "जुन्या बाजारातून कोट आणा." मावशी उसळल्या. "दुसऱ्याच्या अंगावर झिजलेला कोट याला कसा शोभेल? मी नवा शिवते आणि बारा वर्षांचा करते."

दिग्दर्शकही हट्टी. "ठीक आहे. पहिल्या प्रयोगाला तो मला नवा वाटला, तर पुढच्या नाटकापासून कपडेपट दुसऱ्याकडे."

मावशींनी आठवडाभर त्या कोटाचे हाल हाल केले. उन्हात टांगला, घासला, मळवला, अंगणात आपटला. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तो इतका दीनवाणा दिसत होता की मला तो घालताना पाय दुखल्यासारखे वाटले.

प्रयोगाच्या दुपारी कोटाचा खिळा रिकामा! आम्ही शोधाशोध करतोय, तोच लाँड्रीवाले काका हसतमुखाने आत आले. हातात कोट. धुतलेला, स्टार्चचा, कडक इस्त्रीचा. बाहीची फाटकी कडही रफू केलेली.

"काल बाकीचे कपडे न्यायला आलो तेव्हा दिसला. हिरोने असा कोट घालून लोकांपुढे जायचं? मला बघवेना. माझ्याकडून भेट समजा!"

मी मनात म्हटलं, आज काकांचं काही खरं नाही. मावशींनी कोट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "काका, मळ खरा वाटला तुम्हाला?"

"म्हणजे काय! तीस वर्षं मळ काढतोय मी. हात दुखेपर्यंत घासला."

मावशींचा चेहरा असा काही उजळला, की तसा उजेड मी नंतर कुठल्याच रंगमंचावर पाहिला नाही. "तीस वर्षं मळ काढणारा माणूस फसला! मग आता जाता कुठे? बसा इथे. साडेसहाला पडदा आहे."

गरम पाण्यात बुचकळून स्टार्च काढला आणि कोट ओलाच माझ्या अंगात चढवला. खुर्ची उलटी करून मला तिच्यावर घोड्यासारखं बसवलं. "कोपर दुमडून बस. उठायचं नाही. घोडा काय मधेच उठू देतो?" मग किसणी घेऊन डाव्या बाहीवर तुटून पडल्या. काका उजवी बाही धरायला गेले, तर ओरडल्या, "अहो, लगाम डाव्या हातात असतो! सिनेमे बघत नाही का तुम्ही?" बिचारे काका स्वतःचाच रफू उसवत होते आणि हळहळत होते. मानेमागे घामाच्या डागासाठी चहाचं पाणी, हात लागून चकाकल्यासारख्या दिसाव्यात म्हणून खिशांच्या कडांना मेणबत्ती, त्यावर गरम इस्त्री, शेवटी पाठीवर चाळलेली माती. तीन तास मी त्या खुर्चीवर होतो. पाय बधिर झाले, म्हणून माझी चालसुद्धा आपोआप घोडेस्वाराची झाली.

पहिल्या प्रवेशात मला एकही वाक्य नव्हतं. नुसतं दारात उभं राहायचं. मी उभा राहिलो आणि भरलेलं सभागृह गप्प झालं. ती शांतता माझी नव्हती, त्या कोटाची होती. आजही अभिमानाने सांगतो.

पडदा पडताच दिग्दर्शक तरातरा कपडेपटात आले. कॉलर चाचपली, बाही उजेडात धरली, वास घेतला आणि भडकले. "हरलात ना, मावशी? शेवटी जुन्या बाजारातूनच आणलात! कबूल करा."

मी तोंड उघडणार, तोच मावशींनी मला हाताने थांबवलं. कोट माझ्या अंगातून काढला, उलटा केला आणि त्यांच्या नाकासमोर धरला.

"आतली शिवण बघा ना साहेब, दोरा नवाकोरा आहे. शिवलाय मीच, आणि म्हातारासुद्धा मीच केलाय."