उजवा हात मांडीवर

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी नापास झाले. तेही मंगरूळपीरच्या मैदानात, चार गावच्या लोकांसमोर, एप्रिलच्या भर उन्हात. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवणारी बाई मी, आणि मलाच आरटीओच्या साहेबांनी "पुढच्या आठवड्यात या" म्हणून परत पाठवलं. पण आधी त्या वयात गाडी शिकायची वेळ माझ्यावर का आली ते सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाईला म्हातारपणी हौस सुटली.

आमचे हे लाल गाडीवर ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं बस चालवली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. संक्रांतीच्या आठ दिवस आधी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून पडला आणि त्यांना तो उचलता येईना. लकवा. बोलणं दहा-बारा दिवसांत सुधारलं, पाय ओढत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र पिळून टाकलेल्या फडक्यासारखा लोंबतच राहिला. डॉक्टर म्हणाले, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. हात जेवढा यायचा तेवढा याच दिवसांत येईल. आठवड्यातून दोनदा वाशिमला व्यायामाला आणा. खाडा करू नका."

वाशिम आमच्या गावापासून चाळीसेक किलोमीटर. दारात आमची छोटी पांढरी गाडी उभी होती, पण ती चालवणारा माणूसच खाटेवर. धाकटे दीर शेजारीच राहतात. त्यांनी तीन-चार खेपा केल्या. माणूस मनाचा वाईट नाही, पण गिअर असा टाकतात की ऐकणाऱ्याचे दात दुखावेत. आमचे हे शेजारी डोळे मिटून बसायचे. पुढं हरभरा काढणीला आला आणि दीर म्हणू लागले, "वहिनी, आज नाही जमत. उद्या पाहू." त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

एकदा आम्ही बसनं गेलो. ड्रायव्हर-कंडक्टर दोघंही ह्यांच्या ओळखीचे. "अरे, दादा आले, दादा आले," करत खाली उतरले, दोन्हीकडून बखोटीला धरून ह्यांना वर चढवलं आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून तिथं बसवलं. प्रेमानंच केलं बिचाऱ्यांनी. घरी आल्यावर हे भिंतीकडं तोंड करून झोपले, ते दिवे लागले तरी उठले नाहीत.

"आता मले नाही जाचं," म्हणाले.

"काहून?"

"नाही जाचं म्हनलं तं नाही जाचं."

मग दिवस नुसते जाऊ लागले. कॅलेंडरवर मी जुलैच्या पानावर खूण करून ठेवली होती. सहा महिने तिथं संपत होते. येता-जाता मी ते पान उचलून बघायचे आणि मला संताप यायचा. ह्यांचा यायचा, दिरांचा यायचा, त्या मेल्या हाताचा तर फारच यायचा. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मी म्हटलं, "मी शिकते गाडी. तुमी शिकवा."

"तू?" संक्रांतीनंतर पहिल्यांदा ते हसले. "अवं, तू सायकलवरून शेणात पडली व्हती!"

"तवा शिकवणारा माझा भाऊ होता. आता तुमी आहात."

हे त्यांना कुठंतरी लागलं असावं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, "लर्निंग काढ."

मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली, त्यामुळं संध्याकाळ मोकळी मिळायची. गावाबाहेरच्या गायरानात आम्ही जायचो. तिथपर्यंत गाडी दीर आणून देत आणि शेतात निघून जात. ड्रायव्हरच्या सीटवर मी, डावीकडं हे. हँडब्रेक दोघांच्या मधे, म्हणजे नेमका ह्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला. त्यामुळं जे काही चाललं होतं ते देवाच्याच भरवशावर. क्लच, गिअर, ब्रेक तोंडानं सांगता येतं. आणि सांगायचेही झकास. आवाज अगदी पहिल्यासारखा चढायचा. "सोड... हळू सोड... अवं, बकरी हाय थे, तिले काय समजते!" पण स्टेरिंग तोंडानं सांगता येत नाही. मग ते घरून जेवायचं ताट घेऊन येऊ लागले. ताट मांडीवर उभं धरायचं आणि डाव्या तळव्यानं फिरवून दाखवायचं.

"दोन्ही हात स्टेरिंगवर. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं होतात तसे. एका हातानं द्याचं, दुसऱ्यानं घ्याचं. हाताची कैची नाही होऊ द्याची. मुठीनं नाही, बोटायनं धराचं." हे सगळं सांगत, आणि डावा तळवा ताटावर गोल फिरत राही. उजवा हात मांडीवर पडलेला असे.

महिनाभरात मला गाडी येऊ लागली. पॉवर स्टेरिंग, बोटानंही वळतं. दिरांनी चुन्यानं आठ आखून दिला. तो मी एकदाही रेघेला चाक न लावता फिरून आले, तेव्हा हे म्हणाले, "जमलं. लाव तारीख." माझी छाती काय फुगली म्हणता!

परीक्षेच्या दिवशी हे आले नाहीत. मैदानात ओळखीचे ड्रायव्हर लोक असतील म्हणून टाळलं असेल, मी विचारलं नाही. मी आणि दीर गेलो. निंबाच्या सावलीत पंचवीस-तीस जण रांगेत. बहुतेक पोरं माझ्या शाळेतून गेलेल्यांच्या वयाची, सगळी माझ्याकडं बघून गालात हसत होती. माझा नंबर आला. साहेब शेजारी बसले. मी पट्टा लावला, आरसा बघितला, आठ फिरले, काठ्यांमधून गाडी मागं घेतली. एक काठी पडली नाही. थांबून मी साहेबांकडं असं बघितलं की आता पेढेच मागतील.

साहेब कागदाकडं बघत सावकाश म्हणाले, "मॅडम, तुमच्या उजव्या हाताला काही झालंय का?"

मला समजेचना. "नाही हो. काहून?"

"पूर्ण आठ तुम्ही डाव्या हातानं मारला. उजवा मांडीवर ठेवलाय. आत्ताही तिथंच आहे."

मी खाली बघितलं. खरंच होता. पालथा, बोटं अर्धवट मिटलेली, अगदी ह्यांचा असतो तसा.

देवाशपथ सांगते, तो तिथं कधी गेला ते मला कळलंच नव्हतं. साहेब सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. "रस्त्यावर खड्डा आला, जनावर आडवं आलं, तर एका हातात गाडी राहत नाही. बाकी चांगलं चालवता. पुढच्या आठवड्यात या, पण दोन्ही हातांनी चालवा," म्हणाले आणि पुढच्या पोराला हाक मारली.

दीर रांगेशीच उभे होते. खिडकीची काच खाली, त्यांनी सगळं ऐकलं. परतताना मी त्यांना बजावलं, "घरी यातलं एक अक्षर काढायचं नाही." घरी सांगितलं, मागं घेताना काठी पडली. हे म्हणाले, "रिव्हर्स तं तुहा चांगला हाय..." आणि मग दोन दिवस मला गायरानात नुसती मागं मागं फिरवत राहिले. मी मुकाट्यानं फिरले. त्यांची नजर चुकवून उजवा हात स्टेरिंगवर ठेवायचे, पण वळण आलं की तो आपोआप मांडीवर. सवय लागली की लागली. तो हात दाराच्या बाजूचा, आणि ह्यांची नजर सदा चाकांवर नि रेघेवर, म्हणून इतके दिवस त्यांनाही दिसला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दीर जेवायला आमच्याकडं होते. पिठलं चांगलं जमलं होतं, गप्पा रंगल्या, आणि त्या बाबाच्या तोंडात तीळ भिजेल तर ना! "दादा, वहिनीले सायेबानं इचारलं, हाताले लकवा मारला काय म्हनून!" आणि स्वतःच हसले. मग आमची तोंडं बघून थांबले.

"तुमच्या जिभेला काही हाड आहे का हो भाऊजी?" मी ओरडलेच. दीर अर्धी भाकर टाकून उठले आणि चप्पल शोधत निघून गेले.

हे माझ्याकडं बघत होते. "खरं हाय का?"

"हो."

"म्या काय सांगतलं व्हतं तुले? रोज सांगतलं. दोन्ही हात."

त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. पण रागाच्या भरात माझं डोकं ठिकाणावर नसतं. मी म्हटलं, "सांगितलं तुमी दोन हातांचं. दाखवलं एकाचं."

बोलून गेले आणि जीभ चावली. पहिलीच्या वर्गावर इतकी वर्षं घालवली मी. पोरगं ऐकतं कमी, बघतं जास्त, हे मला माहीत नव्हतं का? पण ते त्यांच्या तोंडावर असं मारायचं? त्यांनी ताट सरकवलं, डाव्या हातानं उजवा उचलून पोटाशी घेतला आणि खाटेवर जाऊन पडले. मला वाटलं, संपलं. आता गाडीही नाही, वाशिमही नाही. स्वयंपाकघरात भांडी घासत मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर हे अंगणात गाडीपाशी उभे. "चाबी आन," म्हणाले.

चाबी दिली. ते माझ्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या दाराकडं गेले. दुखण्यानंतर त्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते. आधी बूड टेकवलं, मग पाय हातानं उचलून एकेक आत घेतला. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाले, "थांब." गाडी न्यूट्रलमधे आहे का तेवढं मला बघायला लावलं, डावा हात वळवून कशीबशी चाबी फिरवली. इंजिन सुरू झालं. मग डाव्या हातानं उजवा उचलून स्टेरिंगवर ठेवला. घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"दार उघडंच राहू दे. इकडं ये," ते म्हणाले. "माह्या हातावर तुहा हात ठेव. दाबून धर."

मी दारात वाकून उभी राहिले. त्यांचा उजवा पंजा स्टेरिंगवर, त्याच्यावर माझा. बोटं गार होती. माझ्या बोटांनी मी ती एकेक करून वाकवली.

"आता मी देतो. तू घे."

त्यांच्या डाव्या हातानं स्टेरिंग वर लोटलं. आमचा दोघांचा उजवा ते घेऊन खाली आला. "आता तू दे." मी वर लोटलं, त्यांनी घेतलं. "घाई नको करू. घेनाऱ्यानं घेतल्याबिगर देनाऱ्यानं सोडाचं नाही." चाकं अंगणातल्या मातीत इकडून तिकडं घासत होती. शेजारीण कुंपणापाशी येऊन बघून गेली. माझी कंबर मोडली, पण मी हात काढला नाही. ते एका लयीत म्हणत होते, "दे... घे... दे... घे..." आणि अठ्ठावीस वर्षं हा माणूस काय करत होता ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नवऱ्याच्या कामाला आपण रोजचा डबा देतो, काम कुठं बघतो?

चार संध्याकाळी आम्ही हेच केलं. थोडा वेळ दारात वाकून, मग मी सीटवर आणि ते बाजूला. ताट पुन्हा गाडीत आणलं नाही त्यांनी.

दुसऱ्या परीक्षेला तेच साहेब होते. आठ फिरताना माझ्या उजव्या तळव्याखाली मला ती गार बोटं जाणवत होती, त्यामुळं हात उचलायची सोयच नव्हती. साहेबांनी सही केली आणि "आता बरोबर," एवढंच म्हणाले. दिरांनी गावात शिरता शिरता पेढे घेतले. माझा राग कधीच गेला होता. तसा तो फार टिकत नाही.

लायसन हातात आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, मेच्या पहिल्या आठवड्यात, मी गाडी दारासमोर लावली आणि आत येऊन म्हटलं, "चला." हे आधीच पांढरा सदरा घालून बसले होते. चाळीस किलोमीटरमधे ते तीनदाच बोलले, तेही "गतिरोधक हाय" एवढंच.

वाशिमच्या दवाखान्यातली व्यायाम घेणारी मुलगी आमच्या सासरी गेलेल्या लेकीच्या वयाची. जुनं कार्ड बघून तिचा चेहरा उतरला. हात उचलून बघितला, बोटं वाकवून बघितली आणि रागावलीच. "काका, अडीच महिने? हेच दिवस कामाचे होते. अडीच महिने कुठं होते तुम्ही?"

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडं कारणं तयार होती: हरभरा, बस, माणसं मिळत नाहीत. पण हेच बोलले.

"काम व्हतं," ते म्हणाले. "हिले गाडी शिकवून राह्यलो व्हतो."

संक्रांतीपासून जो आला तो ह्यांना विचारायचा, काय चाललंय, आणि हे खाली बघून म्हणायचे, काही नाही, बसून हाय. आज ताठ बसून, त्या मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणाले, काम व्हतं. मुलगी माझ्याकडं वळली, "तुम्ही चालवत आणलं?" मी मान हलवली.

"मग आता आठवड्यातून दोनदा यायचं काका. येणार ना?"

"लिवा," ते म्हणाले. "सोमवार अन् गुरुवार, अकराले. गाडी लेट होनार नाही."

हे दवाखान्यात भरती असताना मी रडले नव्हते. मैदानात नापास झाले तेव्हाही नव्हते. तिथं, त्या मुलीसमोर, बाकड्यावर बसून मी पोरीसारखी रडले, आणि पदरानं तोंड झाकायचंही मला सुचलं नाही.